सत्त्याऐंशी टक्के बातमी

आमच्या घरात कुठलीही बातमी आधी अप्पांना कळते. मग दूधवाल्याला, मग समोरच्या काकूंना, मग हिला, आणि शिळी होऊन तिची फोडणीची पोळी करायची वेळ आली की मला. हे पहिल्यापासून असं नव्हतं. एके काळी मी जगाची बऱ्यापैकी खबर असलेला माणूस होतो. पण ताजी बातमी सगळ्यांच्या आधी आपल्याला कळावी, अशी मला हाव सुटली, आणि तिथून माझी पीछेहाट सुरू झाली.

२००१ सालची गोष्ट. डोंबिवलीहून व्हीटीला जाणाऱ्या आमच्या आठ-पाचच्या फास्टला दहाजणांचा ग्रुप होता आणि दहाजणांत पेपर एक. तो सावंत घेत. सावंतांची पेपर फोडायची पद्धत म्हणजे पाहण्यासारखी चीज होती. गाडी सुटली की ते मधलं पान अलगद बाहेर काढून नायरसाहेबांना देत, कारण त्यांना मराठी वाचता येत नसे आणि मधल्या पानावर शेअरचे आकडे असत. बाकीच्या पानांची आधी उभी घडी, मग आडवी, मग पुन्हा उभी, अशी करत पेपर अखेर रेल्वेच्या पासापेक्षा थोडा मोठा उरे. तो सावंत पुढून वाचत आणि समोरचा पाटील मागून. सावंतांनी घडी उलटायला हात उचलला की पाटील ओरडे, "थांबा हो, सचिन अजून खेळतोय!" मग सावंत थांबत. सचिन बाद होईपर्यंत अग्रलेख पुढे सरकत नसे.

मी उभा असे तो सावंतांच्या डोक्यावर. तिथून मला प्रत्येक बातमीचा डावीकडचा अर्धा भाग दिसे. उरलेला अर्धा पाटलाला विचारायचा.

याच सुमारास अमेरिकेतला मेव्हणा आला. त्यानं स्वतःला नवं घेतलं होतं म्हणून जुनं यंत्र मला देऊन टाकलं. १९९६मध्ये तिकडे पाम पायलट निघाला, त्याच घराण्यातलं हे धाकटं शेंडेफळ. तळहातावर मावेल एवढं, १६० बाय १६० ठिपक्यांचा हिरवट पडदा, २ एमबी मेमरी आणि पोटात दोन बारके सेल. २ एमबीत आज 'शुभ सकाळ'चा एक गुलाबसुद्धा पाकळ्या न मोडता बसत नाही. तेव्हा मात्र मेव्हणा म्हणाला, "भावजी, यात तुम्ही न्यूयॉर्क टाइम्स वाचू शकता." पासाएवढ्या घडीतला अर्धा पेपर वाचणाऱ्याला हे ऐकून काय वाटलं असेल!

यंत्राला स्वतःचं इंटरनेट नव्हतं. ॲव्हंटगो नावाची एक सेवा होती. तिच्यावर आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडायच्या, यंत्र वायरीनं संगणकाला जोडायचं आणि बटण दाबलं की ताजी पानं यंत्रात उतरायची. मग वायर काढून यंत्र खिशात टाकायचं आणि वाटेत वाचायचं. पहाटे उठून विहिरीवरून हंडा भरून आणावा, तशी ही बातमी.

सेवा उत्तम होती. विहीर माझ्या घरची होती, तिथं अडचण होती. आमच्या जोडकाम केलेल्या संगणकाला मागं दोन भोकं. एकात माउस, दुसऱ्यात मोडेम. यंत्राला तिसरं हवं. म्हणून मी रोज पहाटे पाचला टेबलाखाली शिरून माउस उपटत असे, तिथं यंत्राची वायर खुपसत असे, आणि बाकीचा कारभार टॅबचं बटण बडवत करत असे. मोडेम आधी घसा खाकरी, मग लांब शिट्टी घाली आणि मग दगडाच्या जात्यात कोरडी डाळ टाकल्यासारखा आवाज करी. पहिल्या दिवशी अप्पा धडपडत बाहेर आले.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. बातम्या येतायत."

"एवढ्या पहाटे कोणी गेल्याचीच बातमी येते," असं म्हणून ते चहा ठेवायला गेले.

सहा वाजता दाराशी पेपर पडे. अप्पा तो वरच्या किमतीपासून खालच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीपर्यंत वाचतात, तेही मोठ्यानं. सव्वासहाला माझं यंत्र आनंदानं चिवचिवे, म्हणजे बातम्या उतरल्या. तोवर अप्पांनी मला महाराष्ट्र, देश, निधन आणि टेंडर नोटिसा इतकं सगळं ऐकवून टाकलेलं असे. माझ्याकडे काय असे? न्यूयॉर्कचं हवामान. त्या पावसाळ्यात मॅनहॅटनमध्ये छत्री लागेल की नाही, हे मी रोज खात्रीनं सांगू शकत होतो. कळव्याला रुळावर पाणी आहे, हे मला कळव्याला गेल्यावर कळे.

गाडीत मी यंत्र काढलं तेव्हा मात्र सन्नाटा झाला. सावंतांनी पेपरची घडी खाली केली. मी काडीनं पडद्यावर टिचकी मारली. मथळे आले. एका मथळ्यावर टिचकी मारली, तर 'हे पान तुमच्या यंत्रात नाही' अशा अर्थाचा निरोप. दुसऱ्यावर मारली, तोच निरोप. प्रत्येक वाहिनीचे दुवे किती खोल उतरवायचे, हे आपण ठरवायचं असतं. मी जागा वाचवायला तिथं शून्य लिहिलं होतं. म्हणजे माझ्याकडे सगळ्या जगाचे मथळे होते आणि बातमी एकही नव्हती.

"काय म्हणतंय न्यूयॉर्क?" पाटलानं विचारलं.

"नुसते मथळे आलेत."

"मग आपल्यासारखंच आहे की," सावंत म्हणाले आणि त्यांनी घडी परत वर केली.

काडी ठाण्याच्या गर्दीत पडली ती पडलीच. नंतर काही दिवस मी आगपेटीची काडी वापरली, मग दात कोरायची, मग रिकामी रिफिल. एकदा रिफिल रिकामी नव्हती. त्यानंतर त्या पडद्यावर आलेल्या प्रत्येक बातमीखाली निळी रेघ असे आणि मला उगाच प्रत्येक बातमी महत्त्वाची वाटू लागली.

यंत्रावर लिहायचं तर त्याची ग्राफिटी नावाची वेगळी बाराखडी होती. 'ए' काढताना मधली आडवी दांडी द्यायची नाही, नुसता उलटा 'व्ही' काढायचा. 'टी' म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकाला खाली लोंबणारी एक उभी. मी जिद्दीनं शिकलो. इतका शिकलो की कागदावरही तसंच लिहू लागलो. दोन महिन्यांनी सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. मी तिथल्या बाईंना नवी लिपी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "यंत्राला जुनी सही शिकवा."

यंत्राचा अंत घरीच झाला. त्या जातीच्या यंत्रांची मेमरी सेलच्या जिवावर जगे. सेल बदलायचे तर मिनिटभरात बदलायचे, नाहीतर आतलं सगळं पुसलं जाई. एका रविवारी मालिकेच्या वेळेला टीव्हीचा रिमोट चालेना. हिनं शांतपणे माझ्या यंत्राचं पोट उघडलं, दोन्ही सेल काढून रिमोटमध्ये घातले आणि मालिका संपल्यावर आठवणीनं परत ठेवले. संसारात इतका प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. पण तोवर यंत्र जन्माच्या दिवसाला पोचलं होतं आणि मला माझंच नाव विचारत होतं. दीडशे नातेवाइकांचे फोन नंबर गेले.

"सगळे गेले?" हिनं विचारलं.

"सगळे."

"माझ्याकडच्यांचे वहीत आहेत," ती म्हणाली.

मग मी फोनकडे वळलो. १९९९मध्ये नोकियाचा ७११० निघाला, तो वॅपवर चालणारा पहिला फोन. पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा. माझा फोन जुन्या बाजारातला, त्याचा पडदा याहून लहान. त्यावर पाच ओळी मावत, आणि पाचवी 'ऑप्शन्स' आणि 'बॅक' अडवून बसत. वॅपचं इंटरनेट फोन लावल्यासारखं लागे आणि मिनिटावर पैसे घेई. लोक त्याचा अर्थ 'वेट अँड पे' असा सांगत, म्हणजे थांबा आणि भरा. मी दोन्ही केलं.

पत्ता टाइप करणं ही तर स्वतंत्र साधना होती. चारचं बटण दोनदा, आठचं एकदा, थांबा, पुन्हा आठचं, मग सातचं, एवढ्यात नुसतं 'एचटीटीपी' होई. 'डब्ल्यू' नऊच्या बटणावर. तीन 'डब्ल्यू' हवेत म्हणून घाईनं नऊ तीनदा दाबलं की 'वाय' येई. मी डोंबिवलीला टाइप करायला सुरुवात करत असे. दिव्यापर्यंत पत्ता पुरा झाला तर त्या दिवशी साडेसाती उतरल्यासारखं वाटे.

दिव्यानंतर पारसिकचा बोगदा. फास्ट गाड्या तेव्हा त्यातून जात, १.३ किलोमीटरचा आहे आणि १९१६ सालापासून तिथंच आहे. माझी बातमी दिव्याला पंचवीस टक्के असे, मग साठ, मग पंच्याहत्तर, आणि सत्त्याऐंशीला डब्यात अंधार होई. बोगद्याबाहेर आल्यावर फोन विचारी, पुन्हा प्रयत्न करू का? कर म्हटलं की पहिल्यापासून. रोज सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशीच का, याचा मी बराच विचार केला आहे. एकदा गाडी दिव्याबाहेर सिग्नलला दहा मिनिटं थांबली. म्हटलं, आज शंभर होणार. त्या दिवशी बातमीही सत्त्याऐंशीवर थांबून राहिली, आणि गाडी हलल्यावर दोघीजणी मिळून बोगद्यात शिरल्या.

वॅपच्या भाषेत एका पडद्याला कार्ड म्हणत आणि कार्डांच्या गठ्ठ्याला डेक. आमच्या बाजूच्या सीटवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी चाले. त्यांच्याकडेही पत्ते, माझ्याकडेही पत्ते. फरक एवढाच की त्यांना पुढचं पान उचलून बघता येत असे.

याच पत्त्यांनी माझा घात केला. एका सकाळी पडद्यावर आलं, 'मिनिस्टर टु क्विट', आणि खाली 'मोअर'. मी 'मोअर' दाबलं आणि बोगदा आला. पण बातमी मोठी होती, माझ्याच्यानं राहवेना. अंधारातच ओरडलो, "मंत्री राजीनामा देतोय!"

"कुठला मंत्री?" नायरसाहेब.

"ते पुढच्या पत्त्यावर आहे."

आयुष्यात पहिल्यांदा बाकीची नऊही माणसं माझ्याकडे बघत होती. सावंतांनी तर पेपर मिटला. ठाणे येईपर्यंत तीन नावं पुढे आली. घाटकोपरला मंत्रिमंडळात फेरबदल झाला. दादरला उतरताना पाटलानं आपल्या तालुक्याच्या आमदाराला पाटबंधारे देऊन टाकलं. ऑफिसात मी साहेबांना सांगितलं. दुपारी कॅन्टीनचा पोऱ्या चहा ठेवताना हळूच म्हणाला, "साहेब, मंत्री गेला म्हणतात." तेव्हा माझी खात्री पटली. आता बाहेरूनही दुजोरा मिळाला होता.

संध्याकाळी व्हीटीच्या प्लॅटफॉर्मवर निवांत उभा राहून मी पुढचं कार्ड उघडलं. त्यावर एवढंच होतं, 'स्मोकिंग फ्रॉम मंडे'.

घरी आलो तर अप्पा म्हणाले, "तू सकाळी गाडीत काय ओरडलास? पाटलाच्या बायकोचा फोन होता. अरे, तो सिगारेट सोडतोय. पाचव्या पानावर आहे, चौकटीत."

यानंतर कोणीही शहाण्या माणसानं सावंतांच्या डोक्यावरच्या जागी परत जाऊन उभं राहिलं असतं. मी आरएसएस घेतलं.

हा शब्द आमच्या घरात सकाळच्या चहाला उच्चारायला नको होता. अप्पा जन्मभर सेवा दलाचे. मी म्हणालो, "अप्पा, मी कालपासून आरएसएस घेतलंय." त्यांनी पेपर खाली ठेवला. चष्माही काढला.

"कोणी ओढलं?"

"ओढलं कुणी नाही, माझा मीच लावला. फुकट आहे."

"सुरुवातीला फुकटच असतं."

"सगळीकडच्या बातम्या आपोआप आपल्याकडे येतात."

"येतील ना. खूण काय त्याची?"

खूण केशरी आहे, हे मी सांगायला नको होतं. मग मी त्यांना नीट समजावलं, की हे १९९९ला नेटस्केप कंपनीनं काढलं, आद्याक्षरांचा अर्थ मध्ये दोनदा बदलला आणि आता तो 'रिअली सिंपल सिंडिकेशन' असा आहे. अप्पा म्हणाले, "अर्थ बदलतातच ते." समोरचे काका मात्र जिन्यात भेटून पाठीवर थाप मारून गेले. "सकाळी सहाला मैदानावर या. पहिल्या दिवशीची काठी मी देतो."

आता माझ्याकडे रंगीत पडद्याचा फोन होता. मी हौसेनं चौसष्ट ठिकाणच्या बातम्या लावून घेतल्या. अंतराळ, मधमाश्या, फिनलंडमधली घरबांधणी. एका जपानी रेल्वेफॅनचीही, तो रोज एका डब्याचा फोटो टाकी. बातम्या आता खरोखरच आपोआप येत. नळ सोडून कामाला गेल्यावर घरात पाणी येतं, तशा. न वाचलेल्यांचा आकडा पन्नास, दोनशे, सातशे असा चढत गेला. या सगळ्या बातम्या एका जागी जमवणारं गूगल रीडर १००० झाले की मोजणंच सोडून देई आणि पुढे नुसतं अधिकचं चिन्ह लावी. माझी उधारी मोजण्यापलीकडे गेल्याचं मला इतक्या सभ्यपणे दुसऱ्या कोणी कळवलेलं नाही. मी रात्री बारापर्यंत बसून वाचत असे. वाचत असे म्हणजे काय, सरकवत असे. शेवटी सगळं वाचलं अशी खूण करायचं एक बटण सापडलं. ते दाबल्यावर न शिकता पास झाल्याचा जो आनंद झाला, तो कॉलेजातसुद्धा झाला नव्हता.

मराठी बातम्यांची वेगळीच तऱ्हा. वर्तमानपत्रांच्या साइट आपापला फॉन्ट वापरत. तो फोनवर नसे, मग मुख्यमंत्र्यांच्या जागी टोपी घातलेला ई, दोन ठिपकेवाला ओ आणि पौंडाचं चिन्ह अशी माणसं दिसत. पुढं युनिकोड आलं, पण माझ्या फोनला देवनागरी ठाऊक नव्हती. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन. मी ते चौकोन गाडीत गंभीरपणे वर-खाली करत होतो. शेजारचे गृहस्थ बराच वेळ बघत होते. घाटकोपरला त्यांनी विचारलं, "आडवे शब्द झाले का तुमचे?"

यावर इलाज सापडला तो ओपेरा मिनीत. नॉर्वेतल्या कंपनीचा हा ब्राउझर २००६च्या जानेवारीत जगभर खुला झाला. त्यात पान आधी त्यांच्या सर्व्हरवर जाई, तिथं दाबून-चेपून लहान होई आणि मग फोनवर येई. त्याच्या पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' असं लिहिलं की एक गुप्त तळघर उघडे आणि तिथं, अगदी तळाशी, अवघड लिप्या चित्र म्हणून दाखवायची सोय असे. ही युक्ती मला ऑफिसातल्या एका पोरानं कानात सांगितली, गुरुमंत्र द्यावा तशी. मी 'हो' केलं आणि पडद्यावर काना-मात्रांसकट मराठी अवतरली. 'डोंबिवलीत उद्या पाणी नाही.' मला गहिवरून आलं. डोंबिवलीची बातमी परदेशी सर्व्हरवर जाऊन, तिथं स्वतःचं चित्र काढून घेऊन परत डोंबिवलीत आली होती, मला भेटायला.

"उद्या पाणी नाही," मी घरात शिरताच सांगितलं.

"पिंपं कालच भरून ठेवलीत," ही म्हणाली. "पेपरात होतं."

चित्राला अक्षरापेक्षा जास्त जागा लागते हे मला माहीत होतं. माझी योजना दर १० केबीला १० पैशांची होती, हेही माहीत होतं. या दोन माहित्यांचा गुणाकार महिनाअखेरीला बिल आल्यावर झाला. त्या महिन्यात मी वाचलेली पाणी नसल्याची बातमी टँकरच्या भावात पडली.

गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं. तसं त्यांनी मार्चमध्येच जाहीर केलं होतं, आणि ती बातमी माझ्याकडे चौसष्टपैकी निदान तीस ठिकाणांहून आलेली होती. पण ती न वाचलेल्या हजार अधिकच्या ढिगात, बरीच खाली. मला अप्पांनी सांगितलं.

"तुझं ते केशरी बंद होतंय, वाचलंस का?" त्यांच्या आवाजात थोडं समाधान होतं.

परवा हिनं माळा आवरायला काढला. रद्दीवाला आला, त्यानं काट्याला अप्पांचे पेपर लटकवले. तेवीस किलो भरले. मी डब्यातून ते हिरव्या पडद्याचं यंत्र आणि तीन जुने फोन काढून त्याच्यापुढे ठेवले. त्यानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. निळी रेघ नखानं खरवडून पाहिली.

"काय आहे हे?"

"यात बातम्या असायच्या."

"किती?"

"खूप. न्यूयॉर्कच्यासुद्धा."

त्यानं ते पिशवीत टाकून काट्याला लावलं. काटा जागचा हलला नाही. "वजन नाही साहेब याला," तो म्हणाला, "पण सेलची पट्टी पितळेची दिसते. पाच रुपये देतो." मी म्हटलं, थांब, भाव वाढला की देईन. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून पाहिला, अंगठ्यानं दोनदा सरकवला आणि माझ्यापुढे धरला.

"आजच देऊन टाका. रद्दीचा भाव सोमवारपासून उतरतोय. आत्ताच आलंय, बघा."

मी चष्मा शोधू लागलो. आतून अप्पांचा आवाज आला.

"कालच्या पेपरात आहे. सातवं पान, खाली डावीकडे."